सनरूफचा पडदा तिरका अडकलाय? छप्पर खोलण्याआधी हे करून पाहा

सनरूफचा पडदा अर्ध्यावर अडकला की हात आपोआप बटणाकडे जातो. एकदा दाबून हलला नाही म्हणून पुन्हा, मग जोरात, मग मागे-पुढे, मागे-पुढे. बटण जोरात दाबल्याने मोटरला जास्त ताकद येत नाही. पण आत प्लास्टिकचा जो तुकडा जेमतेम तग धरून असतो, तो या खेळात संपतो. माझ्या गाडीचं हेच झालं. नागपूरची मे महिन्यातली दुपार, गाडी तीन तास उन्हात उभी, आणि पडदा डावीकडे दोन बोटं मागे राहिलेला. मी चार वेळा बटण दाबलं. चौथ्यांदा ‘टक्’ असं वाजलं आणि पडद्याचं डावं टोक सुटून मागच्या सीटवर लोंबायला लागलं.

वर्कशॉपमध्ये दाखवलं तर उत्तर तयारच होतं: ‘सर, पूर्ण असेंब्ली येते, सुटा पार्ट येत नाही.’ ते अगदी खोटं नसतं. पार्टच्या यादीत पडदा, गुंडाळीची नळी, पुढची पट्टी असं सगळं बऱ्याचदा एकाच नंबराखाली असतं, आणि त्याचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. पण तुटलेली वस्तू बहुतेक वेळा बोटाच्या पेराएवढी असते. ती नेमकी कोणती हे आधी ओळखलं, तर निम्म्याहून जास्त कामं छताचं अस्तर न उतरवता आतूनच होतात.

हा लेख गुंडाळी होणाऱ्या कापडी पडद्याबद्दल आहे. लहान सनरूफला पुठ्ठ्यासारखी कडक पाटी असते, ती हाताने सरकते, आणि तिचं बिघडण्यासारखं म्हणजे दोन-चार क्लिपा. तिथे एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

आत काय असतं

घरातला गुंडाळीचा पडदा डोळ्यांसमोर आणा आणि तो आडवा करा. मागच्या बाजूला, सहसा मागच्या सीटच्या डोक्यावर, एक नळी असते. नळीच्या पोटात स्प्रिंग. ही स्प्रिंग कापडाला सतत मागे ओढत असते. कापडाच्या पुढच्या टोकाला एक आडवी पट्टी, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकचे स्लायडर. आपले मिस्त्री त्यांना कधी ‘गट्टू’ म्हणतात, कधी नुसतं ‘क्लिप’. हे स्लायडर छताच्या दोन्ही बाजूंच्या अॅल्युमिनियमच्या रुळांत धावतात. पडदा मोटरवर चालणारा असेल तर प्रत्येक स्लायडरला एकेक केबल जोडलेली असते. मोटरचं दातेरी चाक ती ढकलतं आणि ओढतं. दोन्ही केबली एकाच मोटरवर असल्यामुळे पट्टी सरळ राहते.

कापडाच्या दोन्ही काठांना बहुतेक गाड्यांत एक पातळ, लवचीक पट्टी असते. ती रुळातल्या अरुंद खाचेत बसते आणि कापड मधोमध झोळीसारखं लोंबू देत नाही.

आता बिघाड समजायला सोपा जातो. एका बाजूचा स्लायडर तुटला की ती बाजू मोकळी होते, स्प्रिंग तिला मागे खेचते, दुसरी बाजू केबलीने धरलेलीच असते, आणि पट्टी तिरकी होते. तिरक्या पट्टीमागे कापडाचा काठ खाचेतून बाहेर येतो. आपल्याला दिसतं ते लोंबणारं कापड, म्हणून आपण म्हणतो ‘पडदा फाटला’. कापडाला बऱ्याचदा काहीच झालेलं नसतं.

स्लायडर तुटण्यामागे ऊन हे मोठं कारण. काचेच्या छताखाली अडकलेली हवा आपल्या उन्हाळ्यात ६० अंशांच्या पुढे जाते, आणि वर्षानुवर्षं असं भाजलं गेलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं. त्यात रुळातली धूळ. आणि तिसरं कारण म्हणजे घरातली पोरं, जी सीटवर उभी राहून पडद्याच्या पट्टीला लोंबकळतात.

एकदाच दाबा आणि कान द्या

गाडी सावलीत घ्या, इंजिन चालू करा, रेडिओ आणि एसी बंद. शेजारी कोणाला तरी बसवा आणि पडद्याकडे बघायला सांगा. बटण एकदाच दाबा.

मोटरचा आवाजच नाही, तर आधी फ्यूज पाहा. कुठला, ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. फ्यूज ठीक असेल तर शंका बटणावर, जोडणीवर किंवा मोटरवर. पडद्याच्या यांत्रिक भागाला हात लावायचं कारण नाही.

मोटर फिरते पण पट्टी जागची हलत नाही किंवा एकच बाजू हलते, तर स्लायडर किंवा केबल. करकर, दात घसरल्यासारखा आवाज आला तर लगेच थांबा. तो केबल आणि मोटरच्या चाकाचा झगडा असतो.

पडदा थोडा पुढे येऊन आपणहून मागे जातो, तर एक तर वाटेत काहीतरी अडतंय, नाही तर गाडीला पडद्याची सुरुवात-शेवट कुठे आहे याचा विसर पडलाय. बॅटरी बदलल्यावर किंवा उतरल्यावर हे हमखास होतं.

पट्टी सरळ पुढे जाते पण मागे कापड ढिलं, सुरकुतलेलं राहतं, तर नळीतली स्प्रिंग सैल झाली. हे सगळ्यांत त्रासाचं. त्याकडे शेवटी येतो.

अजून एक. बऱ्याच गाड्यांत पडदा उघडल्याशिवाय काच उघडत नाही. पडदा अडकला तेव्हा काच बंद असेल तर नशीब समजा. निदान पावसाचं भय नाही.

फुकटचा उपाय आधी

विसर पडण्याचाच प्रकार असेल तर पाना हातात घ्यायची गरज नाही. पडद्याला आणि काचेला त्यांची जागा नव्याने शिकवायची. नेमकी पद्धत गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. कोरियन बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत ती साधारण अशी: सगळं बंद स्थितीत आणून बटण बंद करायच्या दिशेला सुमारे १० सेकंद दाबून धरायचं. छत किंचित हलतं. मग बटण सोडून ३ सेकंदांच्या आत त्याच दिशेला परत दाबून धरायचं. पडदा आणि काच आपणहून पूर्ण उघडतात आणि मिटतात. ही फेरी संपेपर्यंत बोट उचलायचं नाही, मध्येच सोडलं की पहिल्यापासून सुरुवात. या फेरीत बोट चेपू नये म्हणून असलेली सोय काम करेलच असं नाही, तेव्हा कोणाचा हात वर नको.

पट्टी तिरकी दिसत असताना मात्र हा प्रयोग करू नका. तुटलेल्या स्लायडरला गाडी पूर्ण ताकदीने ढकलेल, आणि नुकसान क्लिपेवरून केबलीपर्यंत जाईल.

काठ नुसताच बाहेर आला असेल तर

ही अर्ध्या तासाची गोष्ट. पडद्याचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे बोटं रुळात असताना चुकून कोणी बटण दाबणार नाही. हे पुढच्या सगळ्या कामांनाही लागू. मग टॉर्च घेऊन काठ कुठून बाहेर आलाय ते शोधा. सहसा पट्टीच्या लगेच मागे सुरुवात असते. जिथे काठ अजून खाचेत आहे तिथून सुरुवात करून अंगठ्याने वीतभर-वीतभर आत बसवत पुढे या. आइसक्रीमची लाकडी काडी किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी इथे कामी येते. स्क्रू ड्रायव्हर नको, एका घसरणीत कापडाला भोक पडतं. काठाची पट्टी कुठे चुरगळली असेल तर ती जागा हेअर ड्रायरने कोमट करून बोटांनी सरळ करा. कोमट म्हणजे कोमट. कापड आणि काठ गोंदाने जोडलेले असतात.

काठ बसवल्यावर दोन-तीन दिवसांत परत बाहेर आला, तर मूळ दुखणं स्लायडरमध्येच आहे.

स्लायडर बदलणं

आधी पार्ट शोधा, मग गाडी खोला. उलटं करू नका. मी उलटं केलं आणि आठवडाभर डोक्यावर कापड चिकटपट्टीने लावून फिरलो. गाडीचा चॅसी नंबर देऊन डीलरकडे सुट्या स्लायडरची चौकशी करा. नाही म्हणाले तर ऑनलाइन बाजारात बऱ्याच मॉडेलांसाठी दुरुस्तीच्या क्लिपा मिळतात, काही तर अॅल्युमिनियमच्याही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला इथल्या दुकानांतून फेरी मारली तर अपघातात गेलेल्या गाडीचा अख्खा पडदाही हाती लागतो, आणि त्याचे दोन चांगले स्लायडर काढून घेता येतात. डावा-उजवा वेगळा असतो, ते तपासा. तुटला एकच असला तरी दोन्ही घ्या. दोघांनी ऊन सारखंच खाल्लंय.

हत्यारं फार नाहीत: स्टार बिटांचा छोटा सेट, प्लास्टिकची पाती, लांब चिमटा, टॉर्च, मापाची टेप, मास्किंग टेप, मऊ नाडी, जुना टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सिलिकॉन ग्रीसची लहान ट्यूब. आणि एक माणूस. हे काम एकट्याचं नाही.

कारण ती स्प्रिंग. पट्टी दोन्ही बाजूंनी सुटली आणि हातातून निसटली, तर कापड सर्रकन मागे जाऊन नळीत गुंडाळलं जातं, पट्टीही मागे अडकते, आणि मग अस्तर उतरवल्याशिवाय ती बाहेर येत नाही. म्हणून कशालाही हात लावण्याआधी पट्टीच्या दोन्ही टोकांशी नाडी बांधा आणि ती ताणून पुढे सन-व्हायझरच्या बुडाला बांधा. आरशाला बांधू नका. तो काचेला चिकटवलेला असतो. नाडी असली तरी दुसऱ्या माणसाने पट्टी धरून ठेवायचीच. आमच्या घरी हे काम बायकोने केलं आणि पाऊण तास ‘झालं का?’ एवढंच विचारलं.

आता तुटलेल्या बाजूचं टोक पाहा. पट्टी आणि स्लायडर कुठे एका स्क्रूने जोडलेले असतात, कुठे नुसत्या खटक्याने. खटका असेल तर प्लास्टिकचं पातं घालून हलकेच उचला. काढण्याआधी दोन-तीन कोनांतून मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः केबलीचं टोक स्लायडरच्या कुठल्या खोबणीत बसतंय त्याचा.

तुटलेले सगळे तुकडे चिमट्याने बाहेर काढा आणि कागदावर ठेवून जुळवून पाहा. जिगसॉ कोडं जुळवतो तसं. एखादा कोपरा सापडत नसेल तर तो अजून रुळात आहे, आणि नवा स्लायडर पहिल्याच फेरीत त्याच्यावर आपटणार. व्हॅक्युम क्लीनरच्या अरुंद नळीने ओढून घ्या, मग टूथब्रशला सुती कापड गुंडाळून, अल्कोहोलमध्ये जरा भिजवून रूळ पुसा. काळपट, वाळूमिश्रित ग्रीस निघेल. तेच ग्रीस इतके दिवस पॉलिश पेपरचं काम करत होतं.

नवा स्लायडर बसवण्याआधी तो नुसताच रुळात घालून बोटाने मागे-पुढे सरकवून पाहा. घासत असेल तर कडेची बारीक धार पॉलिश पेपरने मारा. मग केबलीचं टोक अडकवा, पट्टी जोडा. आता लोक विसरतात ती गोष्ट: चौकटीच्या पुढच्या कडेपासून डाव्या स्लायडरपर्यंतचं अंतर आणि उजव्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. दोन्ही सारखी हवीत. केबल चाकाच्या दात्यांवर घसरली असेल तर इथे फरक दिसतो, आणि तो तसाच ठेवला तर नवा स्लायडरही तिरका ओढला जाऊन काही दिवसांत जाईल. फरक असेल तर मोटर सैल करून केबली जुळवाव्या लागतात. मोटर कित्येक गाड्यांत छतातल्या पुढच्या दिव्याच्या कन्सोलमागे असते आणि तिथवर हात पोचतो. नसेल पोचत तर तेवढ्या कामासाठी मिस्त्री गाठा.

ग्रीस जपून. स्लायडर धावतो त्या रुळावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर, बोटाने लावून कापडाने जवळजवळ पुसून काढावा इतका पातळ. कापडाच्या काठाच्या खाचेत काहीही लावू नका, डाग पडेल आणि तो जाणार नाही. घराघरांत असलेला डब्ल्यूडी-४०चा नेहमीचा निळा-पिवळा डबा इथे नको; तो जुनं ग्रीस धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो. साधं गाडीचं ग्रीस तर नकोच, रबराला ते सोसत नाही.

नाड्या सोडा, फ्यूज लावा, आणि बटण टिचकीसारखं दाबत पडदा चार-चार बोटं पुढे आणा. दर वेळी दोन्ही टोकं पाहा. पूर्ण फेरी नीट झाली की मग वरची ‘शिकवणी’ करा.

पार्ट कुठेच नाही मिळाला

सुपरग्लू लावून पाहिला असेलच. टिकला नसेल. हे स्लायडर बऱ्याचदा अॅसिटल नावाच्या गुळगुळीत, चिवट प्लास्टिकचे असतात आणि त्याच्यावर सुपरग्लू काय, इपॉक्सीही धड धरत नाही. चिकटवण्यापेक्षा सांधा करा: अॅल्युमिनियमची मिलिमीटरभर जाडीची पट्टी कापून तुटलेल्या जागेवर आडवी ठेवायची आणि दोन्ही तुकड्यांतून बारीक स्क्रू किंवा पॉप रिव्हेट घालायची. रुळात धावणाऱ्या बाजूला स्क्रूचं डोकं येऊ द्यायचं नाही.

थ्रीडी प्रिंटिंगवाला ओळखीचा असेल तर तुटलेले तुकडे जुळवून त्याला द्या. पण कशाचा प्रिंट हे विचारा. सगळ्यांत स्वस्त प्लास्टिक, पीएलए, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. जानेवारीत छान चालेल आणि एप्रिलमध्ये वाकेल. एबीएस साधारण १०० अंशांपर्यंत आकार सोडत नाही. एएसए किंवा नायलॉनही चालतं.

इथे हात आखडता घ्या

स्प्रिंग सैल झाली, केबल तुटली, कापड नळीत गेलं किंवा खरोखरच फाटलं, तर छताचं अस्तर खाली घ्यावं लागतं. त्यासाठी काचांमधल्या खांबांची झाकणं, हँडल, व्हायझर, दिवे सगळं निघतं. आणि ज्या गाड्यांना पडदा एअरबॅग (अपघातात बाजूच्या काचांवर उलगडणाऱ्या, म्हणजे कर्टन एअरबॅग) आहेत त्यांत त्या नेमक्या याच कडेला, अस्तराच्या मागे गुंडाळून ठेवलेल्या असतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून किमान १० मिनिटं थांबल्याशिवाय तिथे हात घालायचा नाही. एअरबॅगच्या जोडण्या बहुधा पिवळ्या असतात, त्यांना मीटर लावून बघायचा मोह तर अजिबात नको. मी हे काम घरी करत नाही आणि तुम्हीही करू नये असं माझं मत. शिवाय अस्तराला एकदा घडी पडली की ती मरेपर्यंत दिसते.

पण वर्कशॉपला देताना हातात माहिती असू द्या. स्प्रिंग सैल असेल तर ‘पडदा बदला’ म्हणू नका, ‘नळीचा ताण वाढवून बघा’ म्हणा. नळीचं टोक सोडवून तिला काही फेरे जास्त देऊन परत अडकवायचं असतं. आधी किती फेरे होते ते मोजून ठेवायला सांगा, अंदाजाने जास्त पिळ दिला तर नवे स्लायडर त्या ओढीने तुटतात. कापड फाटलं असेल आणि सीट-कव्हरवाला ‘मी नवं लावून देतो’ म्हणाला, तर जाडी आधी तपासा. मूळ कापड फार पातळ असतं. जरा जाड कापड लावलं की गुंडाळी फुगते आणि नळीच्या घरात मावत नाही.

साध्या विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड धरत नाहीत, त्यामुळे नुसता पडदा गेला तर तिथून आशा ठेवू नका. वाढीव वॉरंटी असेल तर मात्र अटी वाचा. आणि जुना पार्ट परत मागून घ्या, बिल भरण्याआधी.

गाडी परत आली की

अस्तर उतरलं होतं का? मग पाण्याच्या नळ्या तपासा. सनरूफच्या चौकटीच्या कोपऱ्यांत छिद्रं असतात, त्यांतून आत शिरलेलं पाणी खांबांमधल्या नळ्यांनी खाली जातं. अस्तर काढताना या नळ्या सहज निसटतात, आणि कळतं ते जुलैमध्ये, पायाखालचं मॅट ओलं झाल्यावर. काच उघडून पुढच्या एका कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळूहळू ओता आणि बाहेर वाकून पाहा. पुढचं पाणी साधारण पुढच्या चाकामागे, दाराच्या बिजागरीजवळ ठिबकतं. मागच्या कोपऱ्यांना छिद्रं असतील आणि हात पोचत असेल तर तिथेही ओता; ते पाणी मागच्या चाकाच्या किंवा बंपरच्या आसपास खाली येतं. एखादी नळी तुंबली असेल तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी वरून हळूच आत सारा. हवेच्या पंपाने फुंकू नका, आतला सांधा सुटतो आणि पाणी थेट खांबात जातं. ओतलेलं पाणी सगळीकडून खाली आलं, मॅट कोरडं राहिलं, की मग वर्कशॉपच्या कागदावर सही करा.